आंबाडी आंबट लागत न्हाई

लिहून घ्या, माजी हरकत न्हाई, पन माजा फोटो काढायचा न्हाई आनि तुमच्या त्या फोनवर एकबी पान मला दाखवायचं न्हाई, हे आदीच सांगतो. माजं नाव तानाजी. गाव कवठेमहांकाळच्या अंगाला, गावाचं नाव नका लिहू, तितं माजी म्हातारी मानसं हाईत अजून. वडील दुसऱ्याच्या द्राक्षबागंत कामाला, आई बी तितंच, आनि मी सातवीतनं शाळा सोडली ती नर्सरीत कलमं बांधायला. तितनं ढबू मिरचीच्या पॉलीहाऊसात गेलो, तितनं एका एजंटानं शेतीच्या व्हिसावर हितं आखातात आनलं, वफ्र्याच्या शेतमळ्यांत. वाळवंटात काय शेती करत्यात म्हनून गावात सगळी हसली. मी बी हसलो. हितं येऊन बघतो तर काचंसारखी पॉलीहाऊसं, आत काकडी, टोमॅटो, ढबू मिरची, आनि जमिनीत कायच न्हाई, सगळं पिशव्यांत. पिशवीत माती न्हाई, नारळाचा भुसा, कोकोपीट. म्हनलं, आरं ह्यो तर आपल्या कोकनातला केर!

केर म्हनलो पन त्याच केरानं मला मानूस केलं, काय सांगू तुमास्नी. आमचा एक मिसरी, म्हंजे इजिप्तचा, इंजिनेर व्हता, जाडजूड, दिवसातनं दहादा ओरडायचा, पन मनानं चांगला, त्यानं मला शिकवलं. भुशात मुळातच खार असतोय, तो धुवून काढावा लागतो. धुतला तरी भुसा कॅल्शियम धरून बसतोय, झाडाला देत न्हाई. मग कवळं पान वाकडं हुतंय, त्यावर तांबूस ठिपके येत्यात. मॅग्नेशियम कमी पडलं तर उलटं, जुनी पानं शिरा हिरव्या ठेवून मधनं पिवळी पडत्यात. आनि खत जास्ती झालं की शेंडं जळत्यात, आगीनं चाटल्यागत. तो म्हनायचा, तानी, आदी आख्खं झाड बघ, मग खालनं गळालेलं पानी मोज, मग मूळ बघ, पान सगळ्यात शेवटी. वीस वर्सं मी तसंच केलं. मूळ हुंगायचो सुदिक. सडल्यालं मूळ वासानंच कळतंय. माज्या हातात पिशवीतलं झाड मेलं असं फार कमी झालं, ही फुशारकी न्हाई, वफ्र्यात कुनालाबी इचारा.

मग आली ही व्हॉट्सॅपची पीडा. आमच्या मंडळाच्या गनपतीला मी हार-पत्री घेऊन शहरात सालमियाला गेलतो, तितं एक ताई रडकुंडीला आल्यात, बाल्कनीतला कढीपत्ता पिवळा पडलाय. मी बघितलं, दोन गोष्टी सांगितल्या, महिन्यानं तो फुटला. झालं. तिनं माजा नंबर ग्रुपवर टाकला. मग काय, ह्याची तुळस, तिचा गवती चहा, कुनाचं लिंबू, रोज दहा-दहा फोटो. इंजिनेर मानसं, बँकेतली मानसं, मला तानाजीराव म्हनायला लागली. मी सातवी नापास, मला राव! पुढच्या गनपतीला स्टेजवर बोलावून शाल दिली, नारळ दिला. मला लई ग्वाड वाटलं ते. आनि तितंच माजं वाटोळं झालं, कारन फोटोत झाड दिसत न्हाई, मूळ दिसत न्हाई, वास येत न्हाई. मी नुसतं पान बघून सांगायला लागलो. मिसरी इंजिनेर असता तर कानाखाली काढली असती.

त्यातलाच ह्यो केदार. खरं नाव न्हाई हे, तुमी बी इचारू नका. मंगफला राहतोय, तेलाच्या बाजूच्या कंपनीत मोठा इंजिनेर, पुन्याचा, बायको-पोरं पोरांच्या शाळंसाठी माघारी गेल्याली, हा एकटाच. आरतीला पुढं, खड्या आवाजात. त्याचा फोटो आला तवा थंडी सुरू झालती. एक लांबुळकं पान, कडंला दाते, आनि सगळं जांभळ्या उजेडात. म्हनला, तानाजीराव, आई येणार आहे व्हिजिटवर, तिला आंबाडीची भाजी फार आवडते, इथं मिळत नाही, म्हणून घरातच दिव्याखाली कोकोपीटमध्ये लावली आहे, पण पानं अशी का होताहेत बघा ना. माज्या डोळ्यात पानी आलं, खोटं कशाला बोलू. आईसाटी आंबाडी लावनारा पोरगा! माजी आई जाऊन चार वर्सं झाली, मला मयताला बी जाता आलं न्हाई, इकाम्याचं, हितं राहन्याच्या परवान्याचं, काम अडकलं व्हतं. मी लगेच आवाज रेकॉर्ड करून धाडला, बाळा, तुमी भुसा धुतला न्हाई नीट, असं करा, तसं करा.

आता तुमी म्हनाल आंबाडी वळखत न्हाई व्हय तुला. वळखतो की! पन आंबाडीच्या पानाला बी अशीच बोटं असत्यात, असेच दाते, आनि हा बेटा धाडायचा एकाच बोटाचा फोटो, जवळनं, जांभळ्या उजेडात. आख्खं पान कदी दावलं न्हाई. आनि मी मागितलं न्हाई. ही माजी चूक, दुसऱ्या कुनाची न्हाई. तीन महिनं मी त्याला सांगत राहिलो, आज ठिपके आले, आज शेंडे जळले, आज खालची पानं पिवळी. पन्नासेक तरी रेकॉर्डिंगं झाली आसतील. प्रत्येकात माजा आवाज, माजं नाव, व्हय साहेब, न्हाई साहेब, आता पान हिरवं दिसतंय का साहेब. आठवलं की अजून अंगावर काटा येतोय, आनि काटा म्हंजे भीतीचा न्हाई, किळसंचा.

मग त्याची आई आली. बार्शीकडची म्हातारी, सत्तरीच्या पुढची, एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यालं, करोना झाल्यापासनं नाकाला वास न्हाई. तिला त्यानं माजा नंबर दिला, म्हनला, मी ड्युटीवर असलो की झाडाला तू पाणी घाल, काही वाटलं तर तानाजीरावांना विचार, आणि इतक्यात खुडू नकोस. रोज सकाळी धाच्या सुमारास तिचा फोन. झाडाचं दोन मिन्टं, मग घरचं. सुनंचं, गुडघ्याचं, हितल्या भाजीला कशी चव न्हाई. मला म्हनायची, तानाजी, लेकरा, जेवलास का. बावीस वर्सांत हितं मला असं कुनी इचारलं न्हाई. मी तिला मावशी म्हनायला लागलो.

एक दिवस मावशीचा फोन, म्हनली, तानाजी, मी चोरून एक पान खाऊन बघितलं, केदारला सांगू नको, पन आंबाडी आंबट लागत न्हाई रे! कडू लागतीय, चिकट लागतीय. खत कमी पडलं का?

आनि मी काय केलं सांगू? मी तिला शास्त्र सांगितलं! मी, शालवाला तानाजीराव! म्हनलं, मावशी, दिव्याच्या उजेडात ऊन कमी, त्यात नत्र जास्ती, म्हनून आंबटपना धरत न्हाई. असं फडाफडा बोललो. ती म्हनली, असं व्हय, तूच जाननार बाबा. फोन ठेवला, काकडीच्या ओळीत गेलो, आनि चार पावलं गेल्यावर थांबलो. आंबाडी उजेडात लावा न्हाईतर अंधारात लावा, आंबट लागनारच. माजी जीभ बी तिच्यावरच वाढलीय. मग कडू आनि चिकट काय असतंय? हातातली कात्री तितंच टाकली मी, आनि फोन काढून सगळे फोटो पुन्ना बघितले, पहिल्यापासनं. एका फोटोत मागं देठ दिसत व्हता. आंबाडीच्या देठाला बारीक काटं असत्यात, ह्याला न्हवतं.

शुक्रवारी सुट्टी, टॅक्सीत सीट धरून मंगफला गेलो. न सांगता गेलो. मावशीनं दार उघडलं, मी आवाजावरनं वळखली, तिनं मला आवाजावरनं. म्हनली, आलास व्हय, बस, भाकरी टाकते. मी म्हनलं, मावशी, आदी झाडं दाव. आतल्या खोलीला चांदीसारखा कागद लावून चौकोनी तंबू केल्याला, पंखा, नळी, सगळा थाट. तिनं चेन उघडली, आनि तो वास आला. आमच्या गावात देवळामागं चिलीम वडनारी टोळी बसायची, त्यांच्या घोंगड्यांना यायचा तोच. सात झाडं. सातबी गांजाची. आनि ती बिचारी माज्या शेजारी उभी, तांब्या हातात घेऊन, म्हनतीया, बघ की रे, किती माया लावली मी.

आता खरं सांगतो, ह्याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते. माजा हात पुढं गेला. सवयीनं. मी पान उलटं करून बघितलं, खाली कोळी पडल्याला, बारीक जाळी. आनि मी तोंडानं बोललो सुदिक, कोळी आलाय मावशी. झाड काय हाय ते कळलं तरी माजी जीभ रोगच सांगत व्हती. मोरीत जाऊन तीनदा हात धुतला साबनानं. वास गेला न्हाई.

केदार आला बाजारातनं, मला बघून हसला. आईला म्हनला, चहा टाक. मला गॅलरीत नेलं. मी म्हनलं, साहेब, लाज वाटत न्हाई? हितं ह्यासाटी जलम तुरुंगात जातोय, ठाऊक हाय न्हवं? आनि घरात दिवसभर कोन असतंय? तुमची आई! दारावर थाप पडली तर तांब्या घेऊन कोन सापडनार? तो म्हनला, अहो, मी विकत नाही, एकटाच ओढतो, कामाचं टेन्शन किती असतं तुम्हाला काय कळणार. मी म्हनलं, आजच्या आज उपटा. तर तो सावकास मोबाईल काढून म्हनतोय, तानाजीराव, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे फक्त, मग काढणी. आणि तुमचा आवाज आहे ना सगळा ह्यात. आपण दोघं मिळूनच वाढवलीत की. आनि वर खांद्यावर हात ठेवला. मला शिसारी आली. तितंच थुंकलो मी त्याच्या गॅलरीत. मावशीनं चहा आनला व्हता, तो न घेता निघालो. बिचारी इचारत राहिली, काय चुकलं का रे माजं.

पोलिसात सांगावं तर आदी म्हातारी आत, मग मी. मावशीला सांगावं तर तिचा जीव जाईल असं वाटलं. दोन दिवस जेवन गेलं न्हाई. तिसऱ्या दिवशी त्याचा फोटो आला, शेंडे थोडे जळले आहेत, काय करू. शेंडा जळला म्हंजे खत जास्ती, हे माजा धाकटा भाऊ बी सांगंल. मी रेकॉर्ड केलं, साहेब, झाड उपाशी हाय, खत दुप्पट करा, आनि खालनं पानी गळू देऊ नका. उभ्या जल्मात पैल्यांदा मी पानाविषयी खोटं बोललो. तुमास्नी वाटंल, गांजाचं झाड, मेलं तर मेलं. बरोबर हाय. पन रोज फोटो यायचे. खार चढत गेला, कडा तपकिरी, मग पानं पळीसारखी वळली, मग कडक. आनि मी रोज म्हनायचो, बरोबर चाललंय, अजून द्या. इखच ते. ज्या तोंडानं बरं करत आलो त्याच तोंडानं मारत व्हतो.

आठव्या का नवव्या दिवशी धाचा फोन आला न्हाई. अकराला आला. मावशी रडत व्हती. केदार तिला नको नको ते बोलला व्हता. तुझ्या हातानं मेली झाडं, नको तेव्हा पाणी घालतेस, डोळे फुटलेत का, उगाच बोलावली तुला इथं. म्हातारी म्हनत व्हती, तानाजी, माज्यासाटी लावली व्हती रं त्यानं, आनि मीच मारली. माजा हातच वाईट.

आता सांगा, ह्याच्यावर गप बसनार कसं? मी काकडीच्या ओळीत खाली बसलो आनि सांगितलं. मावशी, तुमच्या हातानं मेली न्हाईत, मी मारली. आनि ती आंबाडी न्हाई. गांजा हाय त्यो. हितं घरात सापडला तर तुमास्नी बी धरून नेतील आनि त्याला बी. मग ती म्हनली, म्हंजे आंबट लागत नव्हती, ते बरोबर व्हतं माजं. मी म्हनलं, बरोबर व्हतं मावशी, मी चुकलो. ती म्हनली, ठेव आता, मला काम हाय.

काय काम ते मला सांजंला कळलं. तिनं सातबी झाडं मुळासकट उपटली. स्वैपाकाच्या कात्रीनं बारीक-बारीक केली, मेथी चिरल्यागत, आनि थोडी-थोडी करून संडासात टाकून बादली-बादली पानी वतत राहिली. गुडघ्याचं दुखनं असलेली बाई, चार तास. तो तंबू फाडला. तो घरी आला तवा ही हॉलमधी बसल्याली, मला व्हिडिओ कॉल लावून. मला म्हनली, तू बघ नुसतं. आनि त्याला म्हनली, तानाजीचा आवाज तुज्या फोनातनं काढ, माज्यादेखत. तो ओरडायला लागला, काय केलंस आई, कळतं का तुला काही. ती उठली न्हाई, आवाज चढवला न्हाई. म्हनली, तू आरडलास सकाळी तवा मला वाटलं मी मेलेलं बरं. आता तू आरड, मला कायबी वाटत न्हाई. काढ आवाज. त्यानं काढला. एकेक करत, ती मोजत व्हती. खरंच गेला का कुटं दुसरीकडं ठेवलाय, देवाला ठाऊक. वफ्र्याच्या रस्त्यावर पोलिसाची गाडी दिसली की मी अजून पॉलीहाऊसात शिरतो.

मावशीचा व्हिजिट संपला तशी ती माघारी गेली, बार्शीला धाकट्या लेकाकडं. केदार हाय हितंच. गनपतीला आरतीत पुढंच व्हता, तसाच खडा आवाज, मला बघून हात जोडले, नमस्कार तानाजीराव. परसाद हातात व्हता, तो मला गिळवला न्हाई. ग्रुपमधनं मी बाहेर पडलो. लोक म्हनत्यात, तानाजीला शिंगं फुटलीत, फोटो बघत न्हाई आता. म्हनू द्यात. कुनाची तुळस वाळली तर कुंडी घेऊन या म्हनावं वफ्र्याला, आख्खी. मी मूळ बघनार, मातीत बोट घालनार, हुंगनार, मगच बोलनार. येत न्हाई कुनी. लांब पडतंय त्यांना.

आता उठतो मी, आज शुक्रवार हाय, टॅक्सी निघंल. कुटं म्हंजे, मंगफला. तुमास्नी हे सांगायचं राह्यलं. मावशीनं जाताना माज्याकडनं वचन घेतलं. म्हनली, माजा पोटचा हाय, मला टाकता येत न्हाई, आनि माज्या नाकाला वास न्हाई, तुज्या हाय. म्हनून दर शुक्रवारी मी त्या घाणेरड्या मानसाच्या दारात उभा राहतो. तो दार उघडतोय, बोलत न्हाई, मी बी बोलत न्हाई. चप्पल काढून आत जातो, ती खोली उघडतो, कपाट उघडतो, गॅलरी बघतो, कुत्र्यागत हुंगतो. मला उलटी येते हुंगताना, वास नसला तरी येते. मग खाली रस्त्यावर येऊन फोन लावतो. शुक्रवारी माजा फोन येईस्तोवर ती तोंडात घास घालत न्हाई, धाकटी सून सांगत व्हती. पैल्या रिंगला उचलते. मी म्हनतो, मावशी, खोली रिकामी हाय, जेवून घ्या.